एल्विरातील मतांचा भाव

निवडणुकीसाठी आपल्या मराठीने जे शब्द योजले आहेत ते मोठे सोज्वळ आहेत. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा. तो नुसता 'उभा' राहतो. धावत नाही, झोंबत नाही. मतदार जे करतो ते 'दान'. आणि जे दान करायचे त्या 'मत' या शब्दाचा दुसरा अर्थ विचार, अभिप्राय असा. म्हणजे भाषेपुरते पाहिले तर निवडणूक हा एखादा व्रतवैकल्याचा सोहळाच वाटावा. हा सोहळा जवळून कसा दिसतो हे आम्हां शाळामास्तरांना कुणी सांगायला नको. मतदारांच्या याद्या घेऊन उन्हातान्हात दारोदार हिंडायचे आणि मतदानाच्या दिवशी शाईची बाटली सांभाळत बसायचे काम आमच्याच वाट्याला येते. म्हणूनच मतांचा जोगवा मागत फिरणाऱ्या एका उमेदवाराची गोष्ट सांगणारी इंग्रजी कादंबरी हाती आली, तेव्हा मी ती जरा अधिकच उत्सुकतेने उघडली.

कादंबरीचे नाव 'द सफ्रेज ऑफ एल्विरा'. लेखक व्ही. एस. नायपॉल. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आणि २०१८ साली निधन झाल्यावर त्यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण १९५८ सालचे हे त्यांचे दुसरे पुस्तक मात्र कोपऱ्यातच राहिले. १९६१ च्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या थोर कादंबरीच्या सावलीत ते झाकले गेले, आणि जे वाचतात तेही 'एक गमतीदार पुस्तक' एवढे म्हणून ते खाली ठेवतात. गंमत तर त्यात आहेच. पण त्या गमतीत लेखकाने मतांचा जो हिशेब मांडला आहे, त्याची वजाबाकी एके ठिकाणी मुद्दाम ताडून पाहण्यासारखी आहे.

आधी मुलूख सांगितला पाहिजे. त्रिनिदाद हे वेस्ट इंडीजमधले इंग्रजांच्या ताब्यातले बेट. उसाच्या मळ्यांवर राबायला १८४५ पासून १९१७ पर्यंत तेथे हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. बहुतेक सारे कलकत्त्याच्या बंदरातून चढलेले, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. पाच वर्षांचा करार, त्यावर अंगठा, आणि मग काळे पाणी. या बेटात कौन्सिलाच्या निवडणुका प्रथम १९२५ साली झाल्या, त्या मिळकतदारांपुरत्या. निवडून द्यायच्या जागा अवघ्या सात. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले ते १९४६ साली. त्याआधी अशी एक सूचना पुढे आली होती की ज्याला बोललेले इंग्रजी समजते त्यालाच मत द्यावे. हिंदी लोकांनी त्यावर हाकाटी केली आणि ती अट गेली. अंगठा देणाऱ्या आजोबांची नातवंडे मतपत्रिकेवर फुली मारायला मोकळी झाली. १९५० साली दुसरी निवडणूक आली. कादंबरी घडते ती याच निवडणुकीत, आणि लेखक स्वतः त्याच वर्षी वयाच्या अठराव्या वर्षी बेट सोडून इंग्लंडला शिकायला गेला.

एल्विरा हे गाव मात्र काल्पनिक. मतदारसंघात मते आठ हजार. निम्मे हिंदू, दोन हजार आफ्रिकी वंशाचे, एक हजार मुसलमान आणि एक हजार स्वतःला स्पॅनिश म्हणवणारे. उमेदवार सुरुजपत हरबन्स याला ही कोष्टके परवचा म्हणावा तशी पाठ आहेत. हरबन्स मालमोटारींचा मालक. पैसेवाला, पण दिसायला किडकिडीत, सुरकुतलेला, डोळ्यांत सदा पाणी तरारलेले. पुढारी म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जो धिप्पाड, खाकरून बोलणारा गृहस्थ उभा राहतो, त्याच्या अगदी उलट. हा माणूस मत मागायला निघतो तेव्हा पुढारी वाटत नाही, मुलीसाठी स्थळ शोधायला निघालेला बाप वाटतो. वाटेतच अपशकुन होतात. सायकलवरून येणाऱ्या दोन गोऱ्या धर्मप्रचारक बायका मोटारीखाली यायच्या वाचतात, मग एक काळी कुत्री चाकाला लागते आणि दोन्ही वेळा इंजिन बंद पडते. येथून तो जो घाबरतो तो निकाल लागेपर्यंत घाबरलेलाच राहतो.

तो जातो दोन घरी. बक्ष शिंपी हा मुसलमानांचा म्होरक्या, आणि चित्तरंजन सोनार हा हिंदूंचा. आता या भेटींत काय बोलले जाते ते पाहा. कौन्सिलात जाऊन हरबन्स काय करणार, रस्ते की शाळा की दवाखाना, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बक्षला हवी आहे ध्वनिक्षेपक बसवलेली मोटार आणि थोरल्या मुलासाठी पगारी नोकरी. मुलाचे नाव फोम. तो प्रचाराचा व्यवस्थापक होतो आणि लाल रंगाचा डबा घेऊन गावभर लिहीत सुटतो की हरबन्सला मत द्या, नाहीतर मरा. (या घोषणेतल्या शेवटच्या शब्दाने पुढे स्वतः हरबन्सचीच गाळण उडते.) चित्तरंजनला पैसा नको, त्याला आपल्या नेलीसाठी हरबन्सचा मुलगा हवा. धनीराम पंडित, महादेव, गुत्तेवाला रामलोगन, जो तो आपापली झोळी पुढे करतो. रामलोगनच्या गुत्त्यावर मतदारांनी फुकट प्यायचे आणि चिठ्ठ्यांचा हिशेब हरबन्सने चुकता करायचा. महादेवाकडे तर अजब खाते आहे. आफ्रिकी वस्तीत कोण आजारी आहे आणि कोण जायच्या वाटेवर आहे याची त्याने टिपणे ठेवायची, कारण औषधपाणी आणि प्रेतयात्रेचा खर्च उचलला तर त्या दोन हजारांतली थोडी मते इकडे वळतील. सेबॅस्टियन नावाचा एक म्हातारा या कामासाठी जणू नेमूनच ठेवलेला असतो. तो शेवटपर्यंत मरत नाही.

या सौदेबाजीची वर्णने वाचताना हसू येते, पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्यात कोणी बावळट नाही. नायपॉल यांच्यावर पुढे आक्षेप आला की ते आपल्याच लोकांना हिणवतात, साहेबाच्या खुर्चीत बसून गावंढळांना हसतात. त्यांच्या उत्तरकालीन लेखनाविषयी हा आक्षेप मी सहसा खोडून काढणार नाही. पण या पुस्तकाला तो लावणे अन्याय होईल. बक्ष हा लबाड खरा, पण त्याला बाजार कळतो. दोन्ही बाजूंना त्याची गरज आहे हे ध्यानात येताच तो स्वतःच उमेदवार म्हणून उभा राहतो, आणि मग पैसे घेऊन बसतो. 'उभा राहणे' आणि 'बसणे' या आपल्या दोन क्रियापदांचा बाजारभाव त्याला कोणत्याही मराठी माणसाइतकाच चांगला ठाऊक आहे! ज्याच्या घराण्यात आजवर विकण्यासारखे घामावाचून काही नव्हते, त्याच्या हाती एक कोरा कागद आला आणि त्यासाठी मोटारवाला श्रीमंत दाराशी येऊन ओशाळा हसू लागला. त्या माणसाने भाव विचारला, तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

मध्यंतरी कुत्र्याचे एक प्रकरण आहे. ते आमच्या घरी मी रात्री वाचून दाखवले तेव्हा मुले गडबडा लोळली. बक्षला रात्री घरात एक भलामोठा कुत्रा दिसतो आणि सकाळी पाहतो तो तेवढेसे पिल्लू! एका रात्रीत कुत्रा आटला, म्हणजे ही करणीच. त्या बेटात करणीला ओबिया म्हणतात. त्या मरतुकड्या पिलावरून सारे गाव हादरते, मतांची गणिते बदलतात आणि उमेदवाराला ताप भरायची पाळी येते. फोमचा धाकटा भाऊ त्याला जीव लावतो आणि पिल्लाचे नाव ठेवतो टायगर. लेखकाने हा धागा थोडा अधिकच ओढला आहे असे मला वाटते. एक कुत्रा पुरे होता. पुढे मेलेली पिल्ले रस्त्यावर मांडून ठेवण्याइतका घोळ घालायला नको होता. फार्स एकदा धावू लागला की लेखकालाही त्याचा लगाम आवरत नाही, हे नाटक लिहिणाऱ्यांना विचारावे.

पण नेलीच्या लग्नाची हकीकत सांगितली तेव्हा मुले झोपली होती आणि सौभाग्यवती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, त्या सोनाराने शब्द टाकला होता ना? मग त्याच्या शब्दाचं काय झालं?" टीकाकारांनी या पुस्तकावर जे काही लिहिले आहे, त्यापेक्षा हा प्रश्न मला अधिक नेमका वाटला.

चित्तरंजन हा या बाजारातला एकच गृहस्थ की ज्याने मालाच्या बदल्यात माल घेतला नाही, शब्दाच्या बदल्यात शब्द घेतला. तो भांडकुदळ आहे, शेजारच्या रामलोगनशी नीरफणसाच्या झाडावरून त्याचे हाडवैर आहे, स्वतःच्या प्रतिष्ठेची त्याला भारीच चाड आहे. पण हरबन्सला व्याही मानल्यावर तो त्याच्यासाठी मते अशी गोळा करतो की जणू घरचेच कार्य आहे. दरम्यान नेली रात्री फोमशी बोलताना कुणाच्या दृष्टीस पडते. हक नावाचा म्हातारा दुकानदार त्याचा बोभाटा करतो. हिंदू सोनाराची मुलगी, मुसलमान शिंप्याचा मुलगा, आणि वेळ रात्रीची! हरबन्सला अंग काढून घ्यायला हेच निमित्त पुरते. वास्तविक दोघांत तसे काहीच नसते. मुलीला लग्नही नको असते, तिला लंडनला जाऊन शिकायचे असते आणि शेवटी ती जातेही. म्हणजे मुलीचे भलेच झाले, असे कोणी म्हणेल. पण बापाचे काय? नायपॉल इतका वेळ प्रत्येक पानावर हसवत होते, ते चित्तरंजनच्या घरात पाऊल टाकले की आवाज खाली आणतात. तो सोनार आरडाओरडा करत नाही. ज्याने शब्द घेतला तो शब्द वापरून मोकळा झाला, एवढे त्याला समजते. या दोन-चार पानांसाठी मी हे पुस्तक पुन्हा वाचीन.

आता लेखकावर माझी तक्रार. ती लोकांना हसण्याविषयी नाही. ज्याला हसायला हवे होते त्याला त्यांनी पुस्तकात शिरूच दिले नाही, याविषयी आहे. एल्विरातले लोक कौन्सिलाविषयी का बोलत नाहीत? लेखक हे जणू गावचा स्वभावधर्म असल्याप्रमाणे दाखवतात. पण १९५० च्या त्या कौन्सिलाची रचना पाहिली म्हणजे गावाचे शहाणपण दिसू लागते. निवडून आलेले १८. त्यांच्या शेजारी गव्हर्नराने नेमलेले पाच आणि सरकारी अंमलदार तीन. अध्यक्षही नेमलेला. कारभारी मंडळात निवडून आलेल्यांपैकी पाच जण घेत, पण त्याच्या डोक्यावर गव्हर्नर होताच आणि त्याच्या हाती राखीव अधिकार होते. या १८ जागांसाठी १४१ उमेदवार उभे राहिले, आणि त्यांतले बहुसंख्य कोणत्याच पक्षाचे नव्हते, हरबन्ससारखे ज्याचे त्याचे. पुढे १९५६ साली एरिक विल्यम्स यांचा पक्ष निवडणुकीत जिंकला आणि १९६२ साली बेट स्वतंत्र झाले, तेव्हा चित्र बदलले. पण १९५० साली एल्विरातल्या माणसाने आपले मत कितीही पवित्र मानले असते, तरी त्या मताने निवडलेल्या गृहस्थाच्या हाती फार थोडे होते.

इंग्रजांची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. १८८८ च्या मुंबईच्या कायद्याने महापालिकेचे सभासद ठरले ७२. त्यांत करदात्यांनी निवडायचे ३६. उरलेल्यांत १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी पाठवायचे, दोन विद्यापीठाच्या फेलोंनी, दोन व्यापाऱ्यांच्या चेंबरने, आणि १६ सरकारने नेमायचे. दार उघडायचे ते असे अर्धे, आणि पलीकडून खांदा लावून उभे राहायचे. त्या अर्ध्या दारातून फिरोजशहा मेहतांसारखी माणसे आत गेली आणि त्यांनी मोठी कामेही करून दाखवली, हे खरे. पण तेथे मतदार मूठभर होते आणि उमेदवाराला ओळखत होते. एल्विरात मत सगळ्यांना मिळाले आणि अधिकार मात्र मागेच राहिला. देणाऱ्याने ज्या वस्तूतला गर काढून घेतला, तिचे साल घेणाऱ्याने चार पैशांना विकले. या विक्रीचे चित्र नायपॉल यांनी बारकाईने रंगवले. गर काढून घेणाऱ्याचा हात चित्राच्या चौकटीबाहेर ठेवला. पुस्तकातल्या हसण्याला त्यामुळे एकच दिशा राहते, आणि ती खालच्या बाजूची आहे. हा दोष मला नजरेआड करवत नाही.

आणि याच दोषाशी जुळलेली दुसरी एक गोष्ट आहे. आठ हजार मतांच्या या बाजारात एक मत विकाऊ नव्हते. ते होते कफी नावाच्या आफ्रिकी वंशाच्या चांभाराचे. हरबन्सचा प्रतिस्पर्धी प्रीचर हा लांब झगा घातलेला, दाढीवाला, पायी हिंडणारा फटिंग माणूस. त्याच्याकडे ना पैसा, ना गुत्ता. मि. कफीचा त्याच्यावर विश्वास, म्हणून मत त्याला. बस्स. सबंध कादंबरीत 'मत' या आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्याच्या ठायी एकत्र नांदतात असा हा एकटा मतदार. मतदानाच्या आधीच तो मरतो. मग काय होते? ज्यासाठी महादेव सेबॅस्टियनवर नजर ठेवून बसला होता, तो योग भलत्याच घरी आलेला पाहून हरबन्सची मंडळी धावतात. रात्रजागरणाची व्यवस्था, खाणेपिणे, पुढचे सारे सोपस्कार, सगळे हरबन्सच्या खर्चाने. जन्मभर ज्याने या माणसाला मत दिले नसते, त्याच्या प्रेताशेजारी बसून मते फिरवली जातात. आणि ज्याच्यावर त्याने श्रद्धा ठेवली त्या प्रीचरला आपल्या माणसाची शेवटची सेवा करायलाही पैसा नाही.

हा प्रसंग लिहिणारा लेखक सामान्य नव्हे. पण मि. कफी जिवंत असताना लेखकाने त्याला फारसे बोलू दिलेले नाही. कुरकुरणारा, तिरसट म्हातारा एवढीच त्याची ओळख करून दिली. प्रीचरमध्ये त्याला काय दिसले? चपलेला टाके घालताना तो काय विचार करी? ते आपल्याला कधीच कळत नाही. ज्याने भाव सांगितला त्याला पानेच्या पाने मिळाली, आणि ज्याने सांगितला नाही त्याला मरणापुरती जागा. मी स्वतः दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे यातली अडचण मला कळते. विकाऊ माणूस पानावर चटकन जिवंत होतो. त्याला काही हवे असते, तो हातपाय हलवतो, बोलतो. ज्याला काही नको त्याला हलवायचे कसे? पण ही अडचण ओलांडण्याइतकी ताकद नायपॉल यांच्या हातात तेव्हाही होती. तीनच वर्षांनी त्यांनी मोहन बिस्वास उभा केला. म्हणून तर रुखरुख अधिक वाटते.

भाषेविषयी दोन शब्द सांगून थांबतो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पहिली वीस पाने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. मग कोश मिटून ठेवला, कारण बक्ष आणि त्याची बायको जे इंग्रजी बोलतात ते कोशात नाही. क्रियापदे सोललेली, काळ गाळलेले, आणि तरी कानाला अगदी रसरशीत. धनीरामाच्या घरी नवऱ्याने टाकलेली सून आहे, तिला सारे 'दुलहिन' म्हणतात, आणि त्या इंग्रजीत तो भोजपुरी शब्द आंदणात दिलेल्या तांब्यासारखा चमकतो. शुद्ध व्याकरणाचे इंग्रजी बोलतो तो लोरखूर नावाचा तरुण. तो आधी प्रीचरचा प्रचारक असतो, आणि शेवटी त्या दुलहिनीला घेऊन शहरात पळून जातो. हे पुस्तक मराठीत आणायचे कोणी मनावर घेतले, तर त्याने पुणेरी मराठीच्या वाटेला जाऊ नये. बक्षच्या बायकोला वऱ्हाडी शोभेल. निवडणुकीच्या भानगडीत पडल्याने घराचे वाटोळे होणार, हे ती पहिल्या दिवसापासून सांगत असते, आणि तिचे कोणी ऐकत नाही.

अखेरीस हरबन्स निवडून येतो. नव्या जॅग्वार मोटारीतून एल्विरात येतो, व्हिस्कीच्या पेटीवरून दंगल होते, आणि ती मोटार जाळली जाते. मग नायपॉल एका लहानशा परिच्छेदात कोणी काय जिंकले आणि कोणी काय गमावले याचा जमाखर्च मांडतात. मोटार गेली ती विमा कंपनीची. प्रीचरची अनामत जप्त झाली. चित्तरंजनच्या नावावर एक जावई वजा. मि. कफीचे नावही त्या यादीत आहे, पण खर्चाच्या बाजूला, आणि तेही गावाच्या खात्यावर.